मुलाच्या बॅगेत एमडीची पुडी सापडली. पोलिसांत द्यायचं, केंद्रात टाकायचं, की विश्वास ठेवायचा?

प्रश्न (पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील बदलून)

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिघा मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटवर राहतो, भाडेकरार वडिलांच्या नावावर आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा कपडे धुवायला काढताना त्याच्या बॅगेत बोटाच्या पेराएवढ्या सात-आठ रिकाम्या झिपच्या पिशव्या सापडल्या, एका पिशवीत चिमूटभर पांढरट पूड आणि खिशात मावेल असा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. विचारल्यावर म्हणाला, "एमडी आहे. फक्त शनिवारी घेतो, सगळेच घेतात. मी काही ॲडिक्ट नाही. काटा रूममेटचा आहे." आईने पूड मोरीत धुऊन टाकली. मग मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणलं, ते निगेटिव्ह आलं. वडील म्हणतात, ओळखीच्या पोलिसाला सांगून दोन दिवस आत बसवू, सुतासारखा सरळ होईल. धाकट्या दिरांना एक केंद्र माहीत आहे. तिथली माणसं रात्री गाडी घेऊन येतात, उचलून नेतात आणि तीन महिने ना फोन, ना भेट. मुलगा सोमवारी पुण्याला परत जायचं म्हणतोय. आईला वाटतं, किट निगेटिव्ह आहे तर एकदा विश्वास ठेवून पाहावा का?

उत्तर

ताई, आधी त्या किटबद्दल लिहितो. तुमच्या पत्रात सगळा धीर त्याच्यावर टेकलेला दिसतो आणि नेमका तोच आधार कच्चा आहे.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्टीवर साधारण पाच-सहा रकाने असतात: गांजा, अफूवर्गीय, कोकेन, झोपेच्या गोळ्या, ॲम्फेटामिन, मेथॲम्फेटामिन. एमडी म्हणजे मेफेड्रोन, एक उत्तेजक अंमली पदार्थ. ते रचनेने मेथॲम्फेटामिनच्या जवळचं असलं, तरी पट्टीवरचं रसायन मेथसाठी बनवलेलं असतं आणि मेफेड्रोन त्याला भरवशाने सापडत नाही. म्हणजे काल रात्री घेतलेल्या मुलाची पट्टीही निगेटिव्ह येऊ शकते. त्यात हे पदार्थ लघवीत साधारण दोन-तीन दिवसच दिसतात. शनिवारी घेऊन बुधवारी तपासलं तर हाती काही लागत नाही. उलटही होतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोइफेड्रिन असतं, त्याने मेथचा रकाना खोटा पॉझिटिव्ह येतो आणि मग घरात उगाच रणकंदन माजतं. खात्री हवी असेल तर मोठ्या लॅबमधली जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस तपासणी लागते. तीही "मेफेड्रोन तपासता का?" असं नाव घेऊन विचारल्यावरच, कारण प्रत्येक लॅबच्या यादीत ते नसतं. आणि ही तपासणी डॉक्टरांनी लिहून दिलेली असावी, मुलाला सांगून केलेली असावी. चोरून बाटली भरून घेतलीत तर रिपोर्ट काहीही आला तरी त्याच्याशी बोलायची वाट बंद होते.

पट्टीपेक्षा जास्त बोलतात त्या इतर गोष्टी. दीड-दोन दिवस जागा आणि मग सलग चौदा-पंधरा तास झोप. चार-सहा महिन्यांत उतरलेलं वजन. जबडा घट्ट आवळणं, दात खाणं, नाकातून वरचेवर रक्त येणं. सोमवार-मंगळवारी विनाकारण चिडचिड आणि रडवेपणा. पाचशे, आठशे अशा रकमांची महिन्यातून चार वेळा मागणी. यातलं एकेक सुटं काही सिद्ध करत नाही, पण तीन-चार एकत्र दिसली तर किट बाजूला ठेवा.

आता "फक्त शनिवारी". हे तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण नाकाने ओढलेल्या एमडीचा अंमल काही मिनिटांत चढतो आणि एक-दोन तासांत ओसरतो, ओसरताना उदास वाटतं, म्हणून लगेच पुन्हा घेतलं जातं. शनिवार एकच असतो, खेपा सहा-सात होतात आणि रविवारची सकाळ उरलेली पुडी संपवण्यात जाते. म्हणून "किती दिवस घेतोस?" यापेक्षा "एका रात्रीत किती वेळा, आणि चौघांत किती ग्रॅम संपतं?" हे विचारा. ग्रॅम मुद्दाम विचारायचे, कारण पुढचा सगळा कायदा ग्रॅमवर चालतो.

मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अंमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याच्या, यादीत आलं. त्याचं अल्प प्रमाण २ ग्रॅमच्या आत आणि व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅमच्या वर. मेथचंही तसंच आहे. दोन ग्रॅमच्या आत असेल तर कलम २२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दोन ते पन्नासच्या मध्ये असेल तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पन्नासच्या वर दहा ते वीस वर्षं, आणि तिथे कलम ३७ मुळे जामीन मिळणं फार अवघड. नुसत्या सेवनाला कलम २७ आहे, तिथे पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे.

चौघांच्या फ्लॅटला हे लावून बघा. शनिवारसाठी चौघांनी एकेक ग्रॅम मागवलं. तिघांनी यूपीआयने पैसे एकाला पाठवले, तो जाऊन घेऊन आला, काट्यावर मोजून वाटलं. त्याच्या खिशात त्या क्षणी चार ग्रॅम आहेत. त्याच्या मनात तो फक्त "आणायला गेलेला मित्र" आहे, पण कायद्याच्या नजरेत तो एक वर्षाच्या रकान्यातून उठून दहा वर्षांच्या रकान्यात बसला. भेसळ आहे म्हणून वजन कमी धरतील, हाही भ्रम नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे की पुडीतल्या शुद्ध अंशाचं नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. ग्लुकोज मिसळलेलं असलं तरी वजन वजनच. यूपीआयचे व्यवहार वर्षानुवर्षं पुसले जात नाहीत, आणि रिकाम्या पिशव्यांसोबत काटा सापडला की तपास अधिकारी सेवनाचा नव्हे, विक्रीचा विचार करतो. म्हणून "काटा रूममेटचा" या उत्तरावर समाधान मानू नका. काटा कोणाचा यापेक्षा फ्लॅटवर माल आणतो कोण, हे कळणं जास्त गरजेचं आहे.

भाडेकरार तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे, हेही मनावर घ्या. घर किंवा खोली ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून तिथे असा गुन्हा होऊ दिला, तर कलम २५ खाली त्याला त्या मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. आजवर माहीत नव्हतं हे खरं. आता माहीत आहे. फ्लॅट सोडायचा की रूममेट बदलायचे, हा निर्णय महिनाभर लोंबकळत ठेवण्यासारखा नाही.

पूड तुम्ही धुऊन टाकलीत, ते झालं. पुन्हा काही सापडलं तर ते कपाटात ठेवू नका, पर्समध्ये घालून लॅबला नेऊ नका (तुमच्याजवळ सापडलं तर ताबा तुमचाच), फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. हात न लावता फौजदारी वकिलाला फोन करा आणि तो सांगेल तसं करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचा हेल्पलाइन नंबर १५१००. नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) अंमली पदार्थांच्या पीडितांसाठी २०१५ ची स्वतंत्र योजनाही आहे. तिचं नाव घेऊन विचारलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो.

तुमच्या मिस्टरांचा उपाय आता बघू. "दोन दिवस आत बसवू" यामागे अशी समजूत आहे की आत घालणं आणि बाहेर काढणं ओळखीच्या साहेबाच्या हातात असतं. एनडीपीएसमध्ये ते तसं नाही. प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, आणि सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. एकदा एफआयआर झाला की चोवीस तासांत न्यायालयासमोर उभं करतात आणि पुढचं सगळं तिथे ठरतं. कौटुंबिक भांडणासारखी ही तक्रार मागे घेता येत नाही. बापाने दिलेला जबाब बापाला नंतर खोडता येत नाही. खटला चालू असताना पासपोर्ट अडतो, कॅम्पस प्लेसमेंटच्या फॉर्मवर "गुन्हा प्रलंबित आहे का?" या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न पडतो. आणि एफआयआर न करता नुसतंच कोठडीत बसवलं तर ते बेकायदा आहे. त्यातून मुलगा एकच धडा घेतो, की घरच्यांना काही सांगायचं नाही. मिस्टरांचा राग समजू शकतो. पण धाक हा दोन दिवसांचा असतो आणि एमडीची तलफ दोन-तीन महिन्यांची.

याच कायद्यात एक दार उघडं ठेवलेलं आहे, ते फार कमी पालकांना माहीत असतं. कलम ६४अ. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपी असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य रुग्णालयात वा संस्थेत उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. शिवाय कलम ३९ खाली, दोषी ठरल्यावरही न्यायालय शिक्षेऐवजी उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकतं.

इथे दोन अडचणी आहेत. एक, हे दार दोन ग्रॅमच्या आतच उघडतं. चार ग्रॅमवाल्या मित्राला ते बंद. दुसरी जरा गमतीची. संरक्षण मिळतं व्यसनाधीनाला, म्हणजे ज्याला त्या पदार्थाची सवय जडली आहे त्याला, आणि तुमचा मुलगा तर शपथेवर सांगतोय की मी ॲडिक्ट नाही. असे मुलगे पकडले गेल्यावर रातोरात ॲडिक्ट होतात, मग न्यायालय विचारतं की कागद कुठे आहेत. म्हणून आज, काहीही घडलेलं नसताना, मनोविकारतज्ज्ञाकडे पहिली भेट व्हावी आणि केसपेपर तयार व्हावा. डॉक्टर पोलिसांना कळवतील ही भीती नको. सेवन करणाऱ्याची वर्दी देण्याची सक्ती या कायद्यात डॉक्टरांवर नाही, आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. अत्यवस्थ अवस्थेत कॅज्युअल्टीला नेलं तर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय) नोंद होऊ शकते, पण त्या भीतीने उशीर करण्यात अर्थ नाही.

दिरांच्या केंद्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. रात्री गाडी घेऊन येऊन एकवीस वर्षांच्या माणसाला उचलून नेणं म्हणजे बेकायदा डांबून ठेवणं. गाडीत नर्स बसवली म्हणून ते उपचार ठरत नाहीत. २०१७ च्या कायद्यात अंमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत, त्यामुळे हे सगळे हक्क तुमच्या मुलालाही लागू आहेत. मर्जीविरुद्ध दाखल करण्याची एक वाट कलम ८९ मध्ये आहे, पण ती अरुंद आहे: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याला मारहाण किंवा स्वतःची काळजी घ्यायची असमर्थता. तीही दोन जणांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासून ठरवायची. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं आणि मंडळाकडे तक्रार करता येते. साखळीने बांधायला कलम ९५ ने बंदी आहे. "तीन महिने फोन नाही" या वाक्याला या कायद्यात कुठेच जागा नाही.

केंद्र चांगलं की वाईट हे फोनवरच बऱ्यापैकी कळतं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक मागा. मनोविकारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा. दाखल करताना सही कोणाची घेता, पालकांची की रुग्णाची? भेट कधी? छातीत दुखलं तर कुठल्या रुग्णालयात नेता? महिन्याचा खर्च लेखी देणार का? यातल्या दोन प्रश्नांना फाटे फुटले तर फोन ठेवा. "एका इंजेक्शनमध्ये एमडी बंद" म्हणणाऱ्याला तर विचारूच नका. हेरॉइनला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे, तसं मेफेड्रोन किंवा मेथ सोडवण्यासाठी मान्यताप्राप्त औषध अजून जगात कुठेच नाही. नैराश्य, झोप, भास यांना औषधं आहेत आणि ती लागली तर डॉक्टर देतात. न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्या जाहिरातीत दिसतात, त्यांच्या वाटेलाही जाऊ नका.

मग उपचार म्हणजे काय? मुख्य म्हणजे बोलणं, आणि वेळ. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो झोपेल आणि खाईल, दोन्ही करू द्या. पुढचा आठवडा-दहा दिवस मन पार खाली जातं. याच दिवसांत आत्महत्येचे विचार येतात, म्हणून तो एकटा खोलीत कडी लावून नको, आणि "मरायचे विचार येतात का?" हे सरळ विचारायचं. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते. तिसऱ्या आठवड्यात तो एकदम छान वाटायला लागतो, घरच्यांना वाटतं सुटला, आणि बहुतेकदा इथेच पाय घसरतो. शनिवार, खात्यात आलेले पैसे, बिअरचे दोन ग्लास आणि जुना ग्रुप, या चौघांतले कुठलेही दोन एकत्र आले की पुरे. उत्तेजक पदार्थांसाठी बाहेर रुळलेली एक उपचारपद्धत सोळा आठवड्यांची आहे. आठवड्यातून अनेक सत्रं, कुटुंबासाठी वेगळी सत्रं. इथे तशीच्या तशी मिळणं कठीण, पण डॉक्टरांकडून चार महिन्यांचं वेळापत्रक लिहून घेता येतं: पहिले दोन महिने आठवड्याला समुपदेशन, मग पंधरवड्याला, मग महिन्याला, एकूण वर्षभर.

भरती व्हावं लागेलच असं नाही. पुरेशी झोप, जेवण आणि घरचं कुणी सोबत असेल तर अनेकांचं ओपीडीवर भागतं. भरतीची गरज पडते ती भास-संशय, आत्महत्येचे विचार, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं व्यसन, किंवा तीन-चारदा घसरण झाल्यावर. संशयाचं लक्षण ओळखून ठेवा: "खाली उभी असलेली गाडी माझ्यासाठी आहे", "फोन टॅप होतोय", पडदे सतत बंद. त्याच्याशी वाद घालू नका, हो ला हो पण म्हणू नका. डॉक्टर गाठा. घेणं थांबलं की बहुतेकांचे भास काही दिवसांत ओसरतात. महिनाभर टिकले तर मनोविकारतज्ज्ञ दुसरा आजार तपासतात.

सोळा आठवड्यांच्या उपचारांतला एक भाग घरी उचलता येतो. बाहेर प्रत्येक निगेटिव्ह तपासणीला छोटं बक्षीस देतात आणि उत्तेजक पदार्थांच्या बाबतीत त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्याकडे एमडीची पट्टी भरवशाची नाही, म्हणून बक्षीस तपासणीला नको, हजेरीला द्या. समुपदेशनाच्या सलग चार बैठका झाल्या की त्याला हवं ते काहीतरी, छोटं, ठरलेलं, रोख नव्हे. चुकली तर बक्षीस नाही, पण भाषणही नाही. भाषण न देणं हाच यातला अवघड भाग आहे.

तातडीचं एक लिहितो, कारण सुट्टीत एखाद्या रात्री वेळ येऊ शकते. अंग भट्टीसारखं तापलं, छातीत दुखतंय, झटका आला, किंवा भ्रमिष्टासारखा धावपळ करतोय, तर १०८. तोवर खोली थंड करा, मान, काख आणि जांघेत ओला पंचा ठेवा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. पालथं दाबून धरू नका, दोरीने बांधू नका, त्याने ताप आणि हृदयावरचा ताण वाढतो. झटक्यात कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका. घरातली झोपेची गोळी देऊ नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: एमडी घेतलंय, अंदाजे किती वाजता, दारूबरोबर की नुसतं. पुडीत काय काय मिसळलंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एमडी म्हणून विकलेल्या पुडीत कॅफिन, मेथ किंवा दुसरंच काहीतरी असू शकतं.

सोमवारचा प्रश्न. माझ्या मते त्याने लगेच परत जाऊ नये. कॉलेजला दोन-तीन आठवड्यांची वैद्यकीय रजा कळवावी, कारणात "वैद्यकीय उपचार" एवढंच पुरे. पहिली भेट याच आठवड्यात. १४४४६ हा सामाजिक न्याय मंत्रालयाचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे, तिथे जवळचं शासनमान्य केंद्र सांगतात. काही शासकीय रुग्णालयांत ॲडिक्शन ट्रीटमेंट फॅसिलिटी आहे, तिथे ओपीडी आणि औषधं मोफत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. पहिल्या भेटीला चार कागद न्या: गेल्या सहा महिन्यांत काय, किती, कधीपासून घेतलं याची त्याने स्वतः लिहिलेली नोंद, झोपेची आणि वजनाची तुमची नोंद, आधीच्या आजारांचे कागद आणि घरात कुणाला मानसिक आजार झाला असेल तर ती माहिती. भेटीत पहिला अर्धा तास त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

त्याला तयार करताना "तू ॲडिक्ट आहेस" हे मान्य करून घ्यायचा हट्ट सोडा. असं काही म्हणा: "तू म्हणतोस सवय नाही. मग चार शनिवार न घेता काढून दाखव. जमलं तर डॉक्टर तसं लिहून देतील. नाही जमलं तर आपल्याला दोघांना कळेल. काहीही झालं तरी डॉक्टरांकडे एकदा जायचंच." बहुतेक मुलं दुसऱ्या शनिवारी अडखळतात आणि मग स्वतःच बोलतात. मिस्टरांना त्या वेळी घरात शांत बसायला सांगा. ते काम पोलीस बोलावण्यापेक्षा अवघड आहे, पण त्यांना जमेल.

पुरवठादाराचं काय? उधारीवर माल देऊन नंतर धमकावणं ही त्यांची नेहमीची पद्धत आहे. तुमच्या खात्यातून त्याला यूपीआय करू नका, भेटायला जाऊ नका. धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवून वकिलामार्फत बोला. माहिती द्यायची असेल तर एनसीबीच्या (केंद्राच्या अंमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या) १९३३ या मानस हेल्पलाइनवर नाव न सांगता देता येते. जागा, वेळ, गाडीचा नंबर एवढंच सांगा. मुलाचा फोन किंवा त्याचं नाव मध्ये आणू नका, आणि त्याला "सापळ्यासाठी" फोन करायला तर मुळीच लावू नका.

हे सगळं एकट्या घरावर का येऊन पडतं, यावर दोन शब्द. मेथ आपल्याकडे बरंचसं म्यानमारच्या बाजूने येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ एका बोटीतून साडेपाच हजार किलोंहून अधिक पकडलं गेलं. एमडी मात्र आपल्या अंगणात बनतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी तुमच्याच नाशिकजवळ शिंदे गावातला कारखाना पकडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत छापा टाकला, त्या प्रकरणात दीड टनाहून अधिक मेफेड्रोन मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या औषध कारखान्यातून ठाणे पोलिसांनी टनावारी इफेड्रिन जप्त केलं होतं, ज्यापासून मेथ बनतं. गांजाची शेतं जाळता येतात, रसायनांची पिंपं कागदोपत्री बरोबर असतात. राज्याने त्यावर गृहखात्याकडून बरंच केलं: स्वतंत्र टास्क फोर्स आली, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अंमली पदार्थांचे गुन्हे मकोकाच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, कक्षेत आणणारं विधेयक मंजूर झालं. टोळीसाठी मकोका हवाच. पण याच कडक जाळ्यात तुमच्या मुलासारखा "आणायला गेलेला मित्र" आधी सापडतो, कारण तो रस्त्यावर असतो आणि त्याचे यूपीआय उघडे असतात. उपचारांची बाजू आरोग्य आणि सामाजिक न्याय खात्यांत वाटलेली आहे आणि तिथे "कोटींचा माल जप्त" असा मथळा होत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अंमली पदार्थविरोधी समन्वय समिती असते. ज्या वाचकांच्या घरी अजून काही घडलेलं नाही, त्यांना एक काम सुचवतो. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि चार गोष्टी मागा: गेल्या वर्षभरात समितीच्या बैठका किती झाल्या आणि इतिवृत्तं, जिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या शासनमान्य खाटा किती, मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशकांची मंजूर पदं किती व भरलेली किती, आणि कलम ६४अ खाली उपचारांना गेलेल्यांची संख्या. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं की त्याची प्रत आमदारांना आणि कॉलेजच्या प्राचार्यांना द्या.